फवारलं तरी अळी मरत का नाही?

सख्यांनो, ऑगस्ट-सप्टेंबरच्या बैठकीत अंतर्गत कर्जाची मागणी आली आणि कारण विचारलं, की उत्तर बहुतेक ठरलेलंच असतं : "फवारणीला पाहिजेत." पुढच्या बैठकीत पुन्हा तीच मागणी. "अगं, मागच्या खेपेला नेले ना?" "नेले ना. मारलं औषध. पण अळी मरूनच नाही राहिली!" मग चर्चा सुरू होते. कोणी म्हणतं औषध डुप्लिकेट निघालं, कोणी म्हणतं पाऊस आला अन् धुऊन गेलं, कोणी म्हणतं घरच्या माणसानं पाणी जास्त अन् औषध कमी टाकलं.

यातलं प्रत्येक कारण कधी ना कधी खरं असतं. पण औषध अस्सल आहे, माप बरोबर आहे, पाऊसही आला नाही आणि तरी अळी टुकटुक जिवंत, असंही होतं. आपण त्याला म्हणतो "अळीला औषधाची सवय झाली." शास्त्रज्ञ म्हणतात किडीत 'प्रतिकारक्षमता' आली. हे नेमकं कसं घडतं ते एकदा नीट समजून घेऊ, कारण गटाचा बराच पैसा यात चाललेला आहे.

'सवय' हा शब्द जवळचा आहे, पण त्याने थोडी फसगत होते. पहिल्यांदा तंबाखू खाणाऱ्याला चक्कर येते, महिनाभराने येत नाही. ही एका माणसाच्या अंगाला झालेली सवय. अळीचं तसं नाही. जी अळी औषधाने मेली ती मेली, ती काही शिकली नाही. जी वाचली, ती आधीपासूनच वेगळी होती. औषध यायच्या आधीही ती तशीच होती. हे लक्षात आलं की बाकीचं आपोआप समजतं.

सुगीला आपण ज्वारीचं बियाणं कसं धरतो? रानात फिरून भरलेली, टपोरी कणसं वेगळी काढतो. बाकीची खायला जातात, ही पेरायला राहतात. दरवर्षी असं केलं की चार-पाच वर्षांत अख्खं रान टपोऱ्या कणसांचं होतं. कणसाने काही ठरवलेलं नसतं, निवड आपण केलेली असते. फवारणीत आपण हेच करतो, फक्त अळीच्या बाबतीत. औषधाला दाद न देणारी अळी आपणच निवडून 'बियाण्याला' ठेवतो आणि बाकीच्या मारून टाकतो.

आकड्यात बघा. समजा, तुमच्या वावरात हजार अळ्या आहेत आणि त्यातल्या दहा अशा की त्यांना हे औषध पचतं. म्हणजे शंभरात एक. तुम्ही फवारलं. साध्या अळ्यांपैकी बहुतेक मेल्या, पण पानाच्या मागे, फुलाच्या आत लपलेल्या चाळीस वाचल्या. चिवट दहा तर वाचणारच होत्या. आता उरल्या पन्नास, त्यात चिवट दहा. आधी शंभरात एक होती, एका फवाऱ्यात पाचात एक झाली! वावर बघितलं तर स्वच्छ दिसतं, आपण खूश. मग या पन्नासांचे पतंग होतात, मादी शंभराच्या वर अंडी घालते आणि महिनाभरात पुढची पिढी तयार. तिच्यावर पुन्हा तेच औषध. कपाशीच्या एका हंगामात बोंडअळीच्या चार-पाच पिढ्या सहज होतात. आपल्याकडे चार-पाच पिढ्या व्हायला शंभर वर्षं लागतात. म्हणून तिचं बदलणं आपल्याला इतकं झटपट वाटतं.

अळीला औषध पचतं म्हणजे काय होतं? याच्या दोन-तीन तऱ्हा आहेत. एक म्हणजे तिच्या पोटात विष फोडून टाकणारे रस जास्त तयार होतात. विष मज्जातंतूपर्यंत पोचायच्या आतच त्याचा निकाल लागलेला असतो. दुसरी तऱ्हा कुलूप-किल्लीची. विष किडीच्या शरीरात एका ठरावीक जागी जाऊन बसतं, किल्ली कुलपात बसावी तसं. काही किडींचं कुलूपच जन्मतः जरा वेगळं असतं. मग किल्ली कितीही फिरवा, लागतच नाही. तिसरी म्हणजे कातडी जाड असणं, विष आत शिरायलाच वेळ लागणं. काही किडींत या सगळ्याच गोष्टी एकत्र येतात आणि मग आपली पंचाईत होते.

हे काही आजचं नाही. अमेरिकेत १९१४ सालीच मेलँडर नावाच्या शास्त्रज्ञाने विचारलं होतं, की फवारण्यांना कीटक दाद देईनासे होतात की काय? तो फळझाडांवरच्या खवले किडीबद्दल बोलत होता. पुढे डीडीटी आलं. त्याचा कीटकनाशक गुण १९३९ मध्ये पॉल म्युलर यांना सापडला आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण तोवर काही देशांत घरमाश्या डीडीटीला जुमानेनाशा झालेल्या होत्या! आपल्या देशात १९५३ पासून मलेरियासाठी घरोघर डीडीटी फवारलं गेलं. जुन्या आयाबायांना भिंतीवरचे ते पांढरे डाग आठवत असतील. स्वातंत्र्याच्या वेळी वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा असा अंदाज आहे, तो आकडा १९६५ च्या सुमारास एक लाखावर आला. आणि १९७६ मध्ये पुन्हा चौसष्ट लाखांवर गेला. कारणं बरीच होती, कामात ढिलाई आली हेही त्यातलं एक. पण डासांनी डीडीटीला दाद न देणं हे मोठं कारण होतं.

मग आपल्या कपाशीकडे या. शेवंतीच्या कुळातलं एक फूल आहे, त्याची वाळवून पूड केली की किडे मरतात हे लोकांना फार पूर्वीपासून माहीत होतं. पण ती पूड उन्हात टिकत नाही, शेतात उपयोग नाही. इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी तिच्यासारखं पण उन्हात टिकणारं रसायन १९७३ च्या सुमारास तयार केलं. सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन, फेनव्हलरेट ही सगळी त्याच घराण्यातली. यांना सिंथेटिक पायरेथ्रॉईड म्हणतात. (डास पळवायच्या अगरबत्तीत नि मशीनमध्येही याच घराण्यातली औषधं असतात.) आपल्याकडे ती १९८० नंतर आली आणि शेतकरी अक्षरशः भाळले. थोडंसं औषध, अन् हिरवी बोंडअळी पटापट खाली पडायची. लोकांनी दुसरं काही मारणंच सोडलं. १९८७ मध्ये आंध्रातल्या गुंटूर-प्रकाशम भागात हीच हिरवी बोंडअळी या औषधांनी मरेना. लोकांनी वरचेवर फवारलं, एका हंगामात वीस-वीस, तीस-तीस फवारे मारले, तरी पीक गेलं. खर्च मात्र डोक्यावर राहिला.

त्यानंतर २००२ मध्ये बीटी कपाशी आली. यात फवारा नाही, विषाचा गुण झाडातच. पान कुरतडलं की अळी मरते. सुरुवातीला फवारण्या खरंच कमी झाल्या, हे मान्य केलं पाहिजे. पण अळीच्या दृष्टीने बघा. फवाऱ्याचा परिणाम आठ-पंधरा दिवस, इथे तर झाड उभं आहे तोवर रोजच विष. निवड रोजच चालू. २०१० मध्ये गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट या जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी एका जनुकाच्या बीटीला दाद देत नाही हे जाहीर झालं. तोवर दोन जनुकांचं बियाणं बाजारात आलेलं होतं, २००६ पासून. तेही पुढच्या काही वर्षांत तिने पचवलं. आणि २०१७ चा हंगाम आपण कोणीच विसरलो नाही. बोंडं वरून हिरवीगार, फोडलं की आत गुलाबी अळी आणि किडकी सरकी. वेचणीला गेलो तर कवडी कापूस.

आता एक प्रश्न तुम्ही विचारालच. बीटी दोघींवर, मग हिरवी बोंडअळी अजून बरीचशी आटोक्यात आणि गुलाबीच का सुटली? याचं उत्तर फार महत्त्वाचं आहे. हिरवी अळी तूर, हरभरा, टमाटे, सगळं खाते. या पिकांत बीटी नाही, म्हणून तिथे साध्या अळ्या भरपूर जगतात. बीटीच्या वावरात एखादी चिवट वाचली, तिचा पतंग झाला, तरी त्याला जोडीदार मिळतो तो बहुधा तुरी-हरभऱ्यातला साधा. त्यांची पिल्लं अर्धीच चिवट, पुन्हा बीटीवर आली की मरतात. गुलाबी अळीला मात्र कपाशीशिवाय जवळपास दुसरं काही चालत नाही. गावात सगळीच कपाशी बीटी, म्हणजे वाचणारा पतंग चिवट, त्याला मिळणारा जोडीदारही चिवट. मग पोरं कशी होणार?

म्हणूनच बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं बिगर-बीटी सरकीचं छोटं पाकीट यायचं. ते कडेने लावायचं असायचं, साध्या अळ्यांना जगायला जागा म्हणून. सरकी टोबायचं काम आपल्याच हातचं, म्हणून खरं खरं आठवा, ते पाकीट लावलं जायचं का? बहुतेकांकडे ते घरी पडून राहिलं नाही तर फेकलं गेलं. कोणी समजावूनही सांगितलं नाही, आणि "अळीसाठी पीक कशाला लावायचं?" असं वाटणंही साहजिकच. आता बियाणं पाकिटातच मिसळून द्यायची पद्धत आली आहे. चीनमध्ये शेतकऱ्यांच्या वावरात योगायोगाने बीटी नि साधी झाडं मिसळलेली होती, तिथे गुलाबी अळी आटोक्यात राहिली. अमेरिकेत साध्या कपाशीच्या पट्ट्या नियमाने लावल्या, नंतर वंध्य पतंग सोडले, आणि तिथल्या कपाशीतून ही अळी संपल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं. म्हणजे ही अळी हरतच नाही असं नाही.

आता आपल्या घरच्या फवारणीकडे.

अळी मरेना की घरात पहिला विचार येतो डोस वाढवायचा. झाकणाने माप, दोनाच्या जागी चार. यात दोन्हीकडून नुकसान आहे. ज्या अळीचं कुलूपच वेगळं आहे, तिला किल्ली दुप्पट मोठी करून काय उपयोग? उलट उरल्यासुरल्या साध्या अळ्या मरतात आणि वावरात फक्त चिवट राहतात. डोस कमी टाकला तरी चूकच, कारण मग अर्ध्या चिवट अळ्याही वाचतात. लेबलवर लिहिलंय तेवढंच, आणि झाकणाने नाही, मापाच्या कपाने.

दुसरा विचार येतो दोन-तीन औषधं मिसळायचा. सोबत टॉनिकही. २०१७ च्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, उकाडा, मिसळलेली जहाल औषधं, तोंडावर फडकंही नाही. अळी मरत नाही म्हणून माणसं जास्त विष मारतात आणि ते विष आधी त्यांनाच लागतं. पंप पुरुषाच्या पाठीवर असतो हे खरं, पण पाणी आपण भरतो, भिजलेले कपडे आपण धुतो, दोन दिवसांनी त्याच वावरात निंदायला, वेचायला आपण वाकतो. पोटुशी बाई, अंगावर पाजणारी बाई, लहान लेकरू फवारणीच्या जवळपास नकोच. आणि एक सांगू? आपण सगळ्याच त्याला 'औषध' म्हणतो. या लेखातही मी तेच म्हणते आहे, कारण गावात तोच शब्द चालतो. पण बाटलीवरच्या चौकोनात खाली लाल रंग असेल तर अतिजहाल, पिवळा म्हणजे जहाल, निळा त्याहून कमी, हिरवा सगळ्यात कमी विषारी, एवढं ज्याचं कुळ आहे ते विषच.

तिसरी गोष्ट होते दुकानात. कृषी केंद्रात जाऊन म्हणायचं, "मागचं औषध लागू पडलं नाही, दुसरं द्या." दुकानदार दुसरी बाटली देतो. नाव नवं, रंग नवा, किंमतही जास्त. पण आतलं रसायन त्याच घराण्यातलं असेल तर? अळीला मोठं नाव वाचता येत नाही, तिला आतलं रसायन कळतं. म्हणून मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात रसायनाचं नाव असतं ते वाचा, नाहीतर शाळेतल्या पोरीकडून वाचून घ्या. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड ही सख्खी भावंडं. प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस, क्लोरपायरिफॉस ही दुसऱ्या घरची भावंडं. सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ही तिसऱ्या घरची. एका भावंडाला न जुमानणारी कीड बहुधा दुसऱ्यालाही जुमानत नाही. बदलायचं तर घर बदलायचं.

यात एक गंमत बघा. बीटीच्या सरकीला जो रंग लावलेला असतो, त्यात मावा-तुडतुड्यांसाठी इमिडाक्लोप्रिडसारखं औषध बहुधा आधीच असतं. लावणीपासून त्याचाच परिणाम चालू असतो. आणि पहिल्या फवाऱ्यालाही आपण पुन्हा इमिडाक्लोप्रिडच आणतो! तुडतुडे का मरत नाहीत, याचं उत्तर कधी कधी बियाण्याच्या पिशवीवरच छापलेलं असतं.

सुरुवातीच्या दिवसांत तर फवाऱ्याची घाईच नको. पहिले दोन महिने वावरात ढालकिडे, क्रायसोपा, कोळी असतात. हे फुकटचे मजूर, मावा नि अंडी खातात. त्या वेळी सायपरमेथ्रीनसारखं औषध मारलं की आधी हेच मरतात आणि मागाहून पांढरी माशी उसळते. मग पांढऱ्या माशीसाठी वेगळं औषध, त्यासाठी वेगळं कर्ज.

मग करायचं काय? आधी मोजायचं. एकरी दोन कामगंध सापळे लावायचे. रोज सकाळी पतंग मोजायचे. लागोपाठ तीन दिवस एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले, तर फवारणीची वेळ झाली. शिवाय वावरात फिरून वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडं तोडून फोडायची. दोनात अळी सापडली तर फवारा, नाहीतर नको. न उमललेली, पाकळ्या चिकटून गुलाबाच्या कळीसारखी दिसणारी फुलं म्हणजे डोमकळ्या, त्या दिसतील तशा तोडून आतल्या अळीसकट नष्ट करायच्या. हे काम बाईच्या नजरेचं आहे, निंदताना होऊन जातं. निंबोळी अर्कही आपल्या हातचा : पाच किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडक्याने गाळायच्या, थोडा साबणचुरा घालून शंभर लिटर पाणी करायचं. सुरुवातीच्या रसशोषक किडी आणि अंड्यांच्या वेळी हा चालतो. बोंडात शिरलेल्या अळीला मात्र निंबोळीच काय, कोणतंच औषध नीट पोचत नाही, हे स्पष्ट सांगते. त्यासाठी आधीच डोळे उघडे ठेवायला लागतात.

सगळ्यात कठीण गोष्ट शेवटी येते, फरदडीची. डिसेंबरनंतर पाणी देऊन कपाशी ठेवली की चार-दोन क्विंटल जास्त निघतो, खरं आहे. पण त्याच काळात गुलाबी अळीच्या जास्तीच्या पिढ्या होतात आणि त्या पुढच्या जूनची वाट बघत बसतात. शिवाय पऱ्हाटी. तिचे भारे आपण चुलीसाठी अंगणात रचतो आणि त्यावरच्या किडक्या बोंडांत अळी झोपून राहते. "पऱ्हाटी जाळून टाका" असं सांगणाऱ्याला चूल पेटवावी लागत नाही! सिलिंडर परवडत नाही तिथे पऱ्हाटी लागणारच. पण भारे बांधायच्या आधी वावरात शेळ्या-मेंढ्या सोडता येतात, त्या हिरवी-किडकी बोंडं खाऊन टाकतात. राहिलेली बोंडं झोडून गोळा करून जाळता येतात. भारे वावरापासून लांब आणि पावसाळ्याच्या आत संपतील इतकेच.

हे सगळं एकटीने करून भागत नाही. पतंग धुरा ओळखत नाही. तुम्ही जानेवारीत वावर मोकळं केलं आणि शेजाऱ्याची फरदड मार्चपर्यंत उभी, तर तुमचं मोकळं करणं वाया. तुम्ही औषधाचं घर बदललं आणि बाकी गाव तेच मारतंय, तरी चिवट अळी तुमच्याकडे येणारच. म्हणून हा विषय घरातला कमी आणि ग्रामसंघाचा जास्त आहे. फवारणीसाठी कर्ज मागणाऱ्या ताईला "कशाला?" असं विचारण्याऐवजी तीन गोष्टी विचारायला काय हरकत आहे : सापळ्यात किती पतंग आले, वीसपैकी किती बोंडं किडकी निघाली, आणि मागच्या वेळी कोणतं रसायन मारलं? कर्ज नाकारायला नाही, तिलाही हिशेब कळावा म्हणून. कृषी सखी असेल तर तिने ही नोंद गटाच्या वहीत एका पानावर लिहावी : तारीख, पीक, कीड, रसायनाचं नाव, घर.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने या हंगामात घरात आलेल्या प्रत्येक औषधाच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढून आणा. बाटली आणू नका, बैठकीत लेकरं असतात. सगळ्या मिळून बारीक अक्षरातली नावं वाचू आणि कोणती बाटली कोणत्या घरची, ते वहीत मांडू.